कार्बन डायऑक्साइडचा लेसर आणि कुमार पटेल

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आणि करून घेतलेला आहे. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तो ज्वलनाला मदत करीत नाही, वनस्पतींना तो लागतो, आणि अलीकडे त्यात एक भर पडली आहे : तो पृथ्वीला तापवतो. बहुतेक वर्गांत या वायूची ओळख येथे संपते. जुन्या पिढीतले शिक्षक त्याला अजूनही कर्बाम्ल वायू म्हणतात, आणि त्या नावाचा त्याला काही तोटा झालेला नाही.

याच वायूने पोलाद कापता येते, हे मात्र विद्यार्थ्यांना सांगून पाहावे. आम्ही मंठा तालुक्यात विज्ञान शिकवणारे काही जण अधूनमधून एकत्र बसतो. जालना जिल्ह्याची ओळख लोखंडी सळईच्या कारखान्यांमुळे आहे, त्यामुळे पोलाद कापण्याचा विषय आमच्या मुलांना परका नाही. गॅस कटर त्यांनी पाहिलेला असतो. पण कार्बन डायऑक्साइडने विस्तव विझतो असे आपणच शिकवतो. मग त्याने पोलाद कसे कापले जाईल, असा प्रश्न मुले लगेच विचारतात. त्याचे उत्तर देता देता आम्ही ज्या माणसापर्यंत पोचलो, त्याचा जन्म आपल्याच राज्यातला आहे.

चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामतीला झाला. जगाला ते सी. कुमार एन. पटेल या नावाने माहीत आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली दूरसंचार अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. १९५९ साली एम. एस., १९६१ साली पीएच. डी. आणि त्याच वर्षी न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत नोकरी, असा हा सरळ आणि वेगवान प्रवास आहे. वय वर्षे तेवीस. ‘आपला माणूस’ म्हणून छाती फुगवून घेण्याची आपल्याला सवय आहे. आमच्या मते त्यापेक्षा त्यांनी नेमका कोणता विचार केला, हे समजून घेणे अधिक फायद्याचे आहे. तो विचार शाळेच्या पातळीवर आणता येतो, ही या विषयातली सर्वांत चांगली गोष्ट.

पटेल बेल प्रयोगशाळेत आले तेव्हा लेसर जेमतेम एक वर्षाचा होता. १९६० च्या मे महिन्यात थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर झोत मिळवला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेतच अली जावान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियम आणि निऑन या वायूंचा लेसर चालवला. मागचे तत्त्व आइनस्टाइन यांनी १९१७ साली सांगून ठेवले होते. उत्तेजित अणूजवळून योग्य ऊर्जेचा प्रकाशकण गेला, तर तो अणूही तशाच प्रकारचा प्रकाशकण सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. अट एकच : वरच्या पातळीवर खालच्या पातळीपेक्षा जास्त अणू हवेत. नाहीतर प्रकाश वाढण्याऐवजी शोषलाच जाईल.

तत्त्व सिद्ध झाले होते, झोतही मिळत होता. पण हेलियम-निऑन लेसरला शंभर वॅट वीज दिली तर प्रकाश म्हणून वॅटचा दहावा हिस्साही बाहेर येत नसे. का, ते आकड्यांतच दिसते. निऑनचा अणू लाल प्रकाश द्यायला तयार व्हावा म्हणून त्याला सुमारे २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या उंचीवर चढवावे लागते. तेथून तो जी उडी मारतो, तिच्यातून मिळणारा प्रकाशकण मात्र सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. शंभर फूट उंच टाकीत पाणी चढवायचे, त्यातल्या दहाच फुटांच्या पडीवर चक्की फिरवायची आणि उरलेले नव्वद फूट ते नुसतेच वाहून जाऊ द्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्याशिवाय पाणी चढवतानाही पुष्कळ सांडते, ते वेगळेच.

पटेल यांनी सुरुवातीला निष्क्रिय वायूंवरच काम केले आणि त्यांच्यातून लेसरच्या अनेक नव्या तरंगलांबी मिळवल्या. पण त्यांच्या लक्षात आले की अडचण यंत्राच्या बांधणीत नाही, ती अणूच्या रचनेतच आहे. अणूत ऊर्जा साठते ती इलेक्ट्रॉनच्या हालचालीत, आणि त्या पातळ्या तळापासून फार उंचावर असतात. रेणूची गोष्ट वेगळी. त्याच्यात इलेक्ट्रॉन आहेतच, शिवाय त्याचे अणू एकमेकांच्या संदर्भात कंप पावतात आणि सबंध रेणू गिरक्या घेतो. या कंपनांच्या पातळ्या तळाच्या अगदी जवळ असतात. तेव्हा टाकी उंच बांधण्याऐवजी बुटकी बांधावी, हा विचार पुढे आला.

येथे वर्ग मैदानावर न्यावा. तीन मुले एका ओळीत उभी करावीत, मधले कार्बन आणि कडेचे दोन ऑक्सिजन. दोन्ही कडेची मुले एकाच वेळी मधल्यापासून दूर जातात आणि एकाच वेळी जवळ येतात, हे पहिले कंपन. दुसऱ्यात ओळ वाकते, मधले मूल एक पाऊल पुढे आणि कडेची दोन एक पाऊल मागे, मग उलट. तिसऱ्यात मधले मूल उजव्या मुलाकडे सरकते तेव्हा डावे त्याच्यापासून लांब राहते, आणि पुढच्या क्षणी डावीकडे सरकते. मुलांना हे तिसरे कंपन जमायला थोडा वेळ लागतो, पण लेसरसाठी तेच महत्त्वाचे आहे, कारण त्याची ऊर्जा तिघांत सर्वाधिक, सुमारे ०.२९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. रेणू या तिसऱ्या कंपनातून पहिल्या कंपनात उतरला की ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त प्रकाशकण मिळतो. आपल्या टाकीच्या हिशेबात सांगायचे तर टाकी आता जेमतेम दीड फूट उंच आहे, पण त्यातल्या सात इंचांची पड कामी येते. शंभरातले दहा कुठे आणि चाळीस कुठे!

(दुसरे, वाकण्याचे कंपनही वर्गात सोडून देऊ नये. त्याची तरंगलांबी सुमारे १५ मायक्रॉन. पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता हा वायू अडवतो, ती प्रामुख्याने याच कंपनाच्या द्वारे. एकाच रेणूची दोन कंपने, एक कारखान्यात राबते आणि दुसरे हवामान बदलते.)

१९६४ साली पटेल यांनी शुद्ध कार्बन डायऑक्साइडमधून सलग चालणारा लेसर झोत मिळवल्याचे प्रसिद्ध केले. शक्ती होती एक मिलिवॅटच्या आसपास. एवढ्यावर कोणी पोलाद कापू शकत नाही. पुढची पायरी होती नायट्रोजनची, आणि आम्हांला या साऱ्या कहाणीत हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

नायट्रोजनच्या रेणूत दोनच अणू, तेही सारखे. त्याला एकच कंपन : लांब जाणे आणि जवळ येणे. दोन्ही अणू सारखे असल्याने या कंपनात विद्युतभार एका बाजूला झुकत नाही, आणि त्यामुळे रेणूला आपली कंपनाची ऊर्जा प्रकाशरूपाने सहज सोडता येत नाही. (हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही तो पृथ्वीला तापवत नाही आणि ०.०४ टक्क्यांचा कार्बन डायऑक्साइड तापवतो, याचे कारणही हेच.) नळीतल्या वायूतून वीज सोडली की इलेक्ट्रॉनच्या धडकांनी नायट्रोजन सहज कंप पावू लागतो, आणि मिळालेली ऊर्जा बराच वेळ धरून ठेवतो. आता दोन आकडे पाहा. शास्त्रज्ञ ही कंपने एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांच्या संख्येने मोजतात. नायट्रोजनचे कंपन २३३१ आणि कार्बन डायऑक्साइडचे तिसरे कंपन २३४९. फरक एक टक्क्याहूनही कमी. उरलेली थोडी तूट रेणूंच्या नेहमीच्या उष्ण धावपळीतून सहज भरून निघते. म्हणून दोघांची धडक झाली की नायट्रोजन आपली साठवलेली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देऊन टाकतो, आणि तीही नेमक्या तिसऱ्या कंपनात.

हे दाखवायला सुतळी आणि दोन दगड पुरतात. दोन बाकांना आडवी सुतळी बांधावी. तिच्यावर हातभर अंतराने, समान लांबीच्या दोऱ्यांना सारख्या वजनाचे दोन दगड टांगावेत. एकाला झोका द्यावा. हळूहळू तो मंदावतो आणि दुसरा आपोआप झुलू लागतो, शेवटी पहिला जवळपास थांबतो. आता एक दोरी पाव भागाने आखूड करावी. दुसरा दगड नुसता थरथरतो, झोका घेत नाही. रेणूंमध्ये सुतळी नसते, तेथे धडका असतात, हा फरक मुलांना जरूर सांगावा. पण देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कंपने जुळावी लागतात, हा मुद्दा या दगडांनी पक्का होतो.

आपले म्हणणे खरे आहे हे पटेल यांनी कसे तपासले, तेही पाहण्यासारखे आहे. दोन्ही वायू एकत्र करून त्यांतून वीज सोडली असती, तर ऊर्जा नायट्रोजनमार्फत आली की थेट इलेक्ट्रॉनकडून, हे कळले नसते. म्हणून त्यांनी वीज फक्त नायट्रोजनमधून सोडली, तो कंप पावणारा नायट्रोजन वाहता ठेवला आणि विजेच्या क्षेत्राबाहेर त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळला. कार्बन डायऑक्साइडला विजेचा स्पर्शही झाला नव्हता, तरी लेसर चालला. प्रयोगात एकच गोष्ट मोकळी ठेवून बाकीच्या अडवायच्या, असे आपण फळ्यावर लिहितो. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

मग शक्ती भराभर वाढली. मिश्रणात हेलियम घातल्यावर वायू थंड राहू लागला आणि खालच्या पातळीवर साचलेले रेणू लवकर रिकामे होऊ लागले. १९६५ सालीच पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेसर सलग शंभर वॅटच्या वर गेला. पुढे या जातीच्या लेसरांची कार्यक्षमता दहा ते वीस टक्क्यांपर्यंत पोचली. वर्षा-दोन वर्षांत मिलिवॅटपासून शंभर वॅट, म्हणजे लाखपट वाढ. पटेल तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते.

एक सावधगिरीची सूचना. बाजारात मिळणारा लाल ठिपक्याचा लेसर म्हणजे हा लेसर नव्हे. १०.६ मायक्रॉनचा झोत डोळ्यांना दिसत नाही, पण लाकूड, कापड, कातडी, ॲक्रिलिक यांत तो चटकन शोषला जातो आणि जाळतो. साध्या काचेतूनही तो आरपार जात नाही, म्हणून त्याची भिंगे झिंक सेलेनाइडसारख्या पदार्थांची करावी लागतात. लग्नपत्रिकांवरची नाजूक जाळी आणि ॲक्रिलिकच्या सन्मानचिन्हांवरची कोरलेली अक्षरे पुष्कळदा याच लेसरची असतात. आपल्या शरीरातल्या पाण्यातही तो मिलिमीटरच्या अगदी लहान अंशात शोषला जातो. म्हणून शल्यचिकित्सक त्याने वरचा थर अलगद कापू शकतात, आणि बारीक रक्तवाहिन्या त्याच वेळी भाजून बंद होतात. चष्म्याचा नंबर घालवणारा लेसर मात्र निराळा, त्यात जंबुपार प्रकाश वापरतात. पोलादाचे पत्रे कापण्याचे काम कार्बन डायऑक्साइड लेसरने कित्येक वर्षे केले. आता त्यातले बरेचसे तंतू-लेसरांनी घेतले आहे, कारण धातू त्यांचा आखूड तरंग अधिक शोषतात. म्हणजे हा लेसर म्हातारा झाला असे कोणी समजेल, तर तेही खरे नाही. आजच्या सर्वांत बारीक रचनेच्या संगणकी चिप ज्या १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने छापतात, तो प्रकाश कथलाच्या वितळलेल्या थेंबांवर कार्बन डायऑक्साइड लेसरचे तडाखे मारून तयार करतात, सेकंदाला सुमारे ५०,००० थेंब!

पटेल यांच्या दुसऱ्या कामाबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते, आणि त्यात आपल्या रामन यांचे नाव गुंतलेले आहे. पदार्थावर पडलेला प्रकाश विखुरताना थोडी ऊर्जा गमावतो आणि त्याची तरंगलांबी बदलते, हा रामन परिणाम. २८ फेब्रुवारीला आपण दरवर्षी तो फळ्यावर लिहितो. पटेल यांनी १९७० साली इंडियम अँटिमनाइडच्या स्फटिकावर लेसर सोडून त्यातल्या इलेक्ट्रॉनची फिरकी उलटवली. ती उलटवायला लागणारी ऊर्जा बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असते. म्हणून चुंबकत्व कमी-जास्त केले की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी हवी तशी बदलता येते. रेडिओची कळ फिरवून केंद्र लावावे, तसा हा जुळवता येणारा लेसर.

त्याचा उपयोग त्यांनी हवेतले वायू ओळखण्यासाठी केला. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीच शोषतो. शोषलेली ऊर्जा वायूला किंचित तापवते, तो प्रसरण पावतो. प्रकाश सतत चालू-बंद केला तर वायू त्याच तालात फुगतो आणि आकसतो, म्हणजे आवाज करतो! हे ग्रॅहॅम बेल यांनी १८८० सालीच पाहिले होते. पटेल यांनी त्याला लेसर आणि संवेदनशील मायक्रोफोन यांची जोड दिली, आणि मोटारींच्या धुरातून येणारा नायट्रिक ऑक्साइड अत्यल्प प्रमाणातही ओळखता येऊ लागला. त्याच सुमारास नायट्रोजनची ऑक्साइडे ओझोनच्या थराला धोका देतात काय, ही चर्चा जोरात होती. पॉल क्रुट्झेन यांनी १९७० साली तो मुद्दा मांडला होता. पण सिद्धान्त मांडला तरी वर तो वायू किती आहे, हे कोणीतरी मोजायला हवे. १९७३-७४ मध्ये पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे यंत्र बलूनला बांधून सुमारे २८ किलोमीटर उंचीवर पाठवले. सूर्योदयापूर्वी तेथे नायट्रिक ऑक्साइड जवळजवळ नव्हता, दिवस वर आला तसा तो वाढत गेला. रात्री हा वायू ओझोनशी संयोग पावून नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि उन्हाने पुन्हा सुटा होतो, या रासायनिक हिशेबाला तेथे प्रत्यक्ष मोजमाप मिळाले. क्रुट्झेन यांना १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाशाचा आवाज ऐकायला बलून लागत नाही. कॉफीची रिकामी काचेची बरणी घ्यावी. पेटत्या मेणबत्तीवर फिरवत आतल्या अर्ध्या भागाला काजळी धरावी, काच एकाच जागी तापू देऊ नये. पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने एक लहान भोक पाडून झाकण घट्ट बसवावे. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना दिवा लावून बरणीची स्वच्छ बाजू त्याच्याकडे करावी आणि भोक कानाला लावावे. बारीक गुणगुण ऐकू येते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि काजळीलगतची हवा त्याच तालात फुगते. मंठ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, पण ऊन भरपूर असते. उलट्या ठेवलेल्या सायकलच्या मागच्या चाकावर, कडेने २० खिडक्या कापलेली पुठ्ठ्याची तबकडी बांधावी आणि आरशाने उन्हाचा कवडसा त्या खिडक्यांतून बरणीवर पाडावा. चाक सेकंदाला पाच फेरे घेऊ लागले की तोच १०० कंपनांचा स्वर मिळतो, आणि पायडल जोरात फिरवले की तो चढतो. चाक बरणीपासून दूर असावे, नाहीतर चाकाचाच आवाज ऐकू यायचा. तो चाकाचा नाही हे ठरवण्यासाठी कवडशात हात आडवा धरावा. चाक फिरत असूनही बरणी गप्प झाली पाहिजे. काजळी न धरलेल्या बरणीने हाच प्रयोग करून पाहणे विसरू नये.

पटेल बेल प्रयोगशाळेत संशोधनाचे कार्यकारी संचालक झाले. १९९३ ते १९९९ या काळात ते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधनविषयक कुलगुरूपदावर होते. १९९५ साली ते अमेरिकन फिजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते, १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले आणि २०१२ साली तेथील संशोधकांच्या राष्ट्रीय मानदालनात त्यांचा समावेश झाला. वायू अत्यल्प प्रमाणात ओळखणारी उपकरणे बनवण्यासाठी त्यांनी २००० साली ‘प्रानॲलिटिका’ ही कंपनी काढली. बलूनमधले तेच काम पुढे चालू राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

हा लेसर आता मराठवाड्यात, आमच्या शेजारच्या परभणीपलीकडे यायचा आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. तिचा आराखडा अमेरिकेतील लायगोच्या धर्तीवर आहे. त्या वेधशाळांत मुख्य लेसरचा प्रचंड झोत आरशांवर पडतो, त्यातला अगदी नगण्य भाग काचेत शोषला जातो, आणि तेवढ्यानेही काच मध्यभागी तापून नको तेथे भिंगासारखी वागू लागते. तो दोष घालवण्यासाठी आरशाजवळच्या काचेच्या तबकडीवर कडेने कड्याच्या आकारात उष्णता द्यावी लागते. काच १०.६ मायक्रॉनचा प्रकाश आरपार जाऊ देत नाही, वरच्या थरातच शोषून घेते, म्हणून हे काम कार्बन डायऑक्साइड लेसरकडे सोपवले आहे. मंठ्याहून जिंतूरमार्गे औंढ्याला एसटीने जाता येते. वेधशाळा पाहण्यासाठी खुली झाली की नववी-दहावीच्या मुलांची सहल तिकडे न्यायचे आम्ही ठरवले आहे.